विश्लेषण : विरोधी श्रोत्यांसमोर नेत्याने बोलावे का? डॉ. आंबेडकरांचे आयुष्य आणि १९३८चा सोलापूर दौरा काय सांगतो?

सोलापूरच्या होम मैदानावर एखाद्या पक्षाची मोठी सभा असली की आदल्या दिवसापासून लगबग दिसते. कोणत्या तालुक्यातून किती गाड्या यायच्या, पुढच्या रांगेत कोण बसायचे, घोषणा कधी द्यायच्या, सगळे ठरलेले असते. राज्यात काही सभांच्या वेळी काळे रुमाल आणि काळे कपडे प्रवेशद्वारावरच काढून घेण्याचे प्रकार झाले. दुसरीकडे, २०२३च्या मराठा आरक्षण आंदोलनात अनेक गावांनी नेत्यांना गावबंदी केली. म्हणजे नेत्यांना नाराज श्रोते नकोत आणि नाराज श्रोत्यांना नेते नकोत. अशा वेळी जुना प्रश्न पुन्हा समोर येतो. आपल्याशी असहमत असलेल्यांसमोर नेत्याने बोलायला जावे का? जावे तर कोणत्या अटीवर? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा प्रश्न आयुष्यभर पडत राहिला. त्याच्या उत्तराचा एक ठळक नमुना जानेवारी १९३८ मध्ये सोलापुरात पाहायला मिळाला.

आंबेडकरांपासूनच सुरुवात का?

मोठ्या समाजाच्या किंवा मोठ्या पक्षाच्या नेत्याला श्रोते निवडण्याची चैन परवडते. केवळ आपल्या लोकांत बोलूनही त्याला सत्ता मिळू शकते. आंबेडकरांना ही सोय नव्हती. मुंबईचे विधिमंडळ, लंडनची गोलमेज परिषद, येरवड्याच्या तुरुंगातील वाटाघाटी, दिल्लीची घटना समिती, जिथे निर्णय व्हायचा तिथे त्यांच्याशी सहमत नसणारेच संख्येने जास्त असत. न जाणे म्हणजे निर्णय दुसऱ्यांवर सोपवणे. त्यामुळे जावे की नाही, यापेक्षा गेल्यावर काय बोलायचे आणि किती बोलायचे, हाच त्यांच्यापुढचा खरा प्रश्न असे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म, साताऱ्यातील शाळा, बडोद्याची शिष्यवृत्ती, कोलंबिया आणि लंडनमधील शिक्षण ही कहाणी वाचकांना ठाऊक आहे. ती पुन्हा सांगण्याऐवजी त्यांच्यासमोर कोण बसले होते, एवढ्याच बाजूने त्यांच्या आयुष्याकडे पाहू.

पहिले नाराज श्रोते कोण होते?

ते वर्गात बसलेले होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हा माणूस काय शिकवणार, अशी अनेक विद्यार्थ्यांची सुरुवातीची भावना होती. प्राध्यापकांच्या खोलीतील पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावरही काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. पण थोड्याच काळात त्यांची व्याख्याने ऐकायला इतर महाविद्यालयांतले विद्यार्थीही येऊन बसू लागले. पाण्याच्या भांड्याचा प्रश्न व्याख्यानाने सुटला नाही, वर्ग मात्र जिंकला गेला. ही विभागणी पुढेही अनेकदा दिसते. लोक ऐकायला तयार होत, भांडे पुढे करायला होत नसत.

लंडनमधील उर्वरित शिक्षण पूर्ण करून १९२३ मध्ये ते परतले आणि मुंबईत वकिली सुरू केली. सोलापूर जिल्ह्याशी त्यांचे नाते लगेचच जुळले. मे १९२४ मध्ये बार्शीला मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद झाली, तिचे अध्यक्ष तेच होते. त्याच वर्षी जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली आणि या सभेने पहिले वसतिगृह जानेवारी १९२५ मध्ये उघडले ते मुंबईत नव्हे, सोलापुरात. जिवाप्पा ऐदाळे यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते त्यामागे होते. गिरण्यांच्या या गावात माध्यमिक शाळेत शिकू पाहणाऱ्या दलित मुलांची राहण्या-जेवणाची सोय झाली. पुढे १९३८ मध्ये आंबेडकर सोलापुरात बोलायला उभे राहिले, तेव्हा ते इथे नवखे नव्हते, हे लक्षात ठेवायला हवे.

देशद्रोही ठरवला गेलेला माणूस सभेत कसा बोलतो?

१९२८ मध्ये सायमन कमिशनवर काँग्रेसने बहिष्कार टाकला होता. आंबेडकरांनी मात्र कमिशनपुढे साक्ष दिली. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईच्या मणिभवनात गांधीजींशी त्यांची पहिली भेट झाली, तीही कडवट वळणावर संपली. आंबेडकर स्वतः अस्पृश्य समाजातले आहेत, हे गांधीजींना त्या वेळी माहीत नव्हते, असे महादेवभाई देसाईंच्या नोंदींवरून दिसते. विरोधी श्रोत्यांसमोर जाण्यात हाही एक धोका असतो. समोरच्याने तुम्हाला कोण समजून बोलावले आहे, हेच ठाऊक नसते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गांधीजी लंडनहून मुंबई बंदरात उतरले, तेव्हा आंबेडकरांच्या अनुयायांनी काळी निशाणे दाखवली. त्यामुळे विरोधकाला शांतपणे ऐकून घेण्याचा गुण एकाच बाजूकडे होता, असे म्हणता येणार नाही.

खरी कसोटी सप्टेंबर १९३२ मध्ये लागली. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ देणारा ब्रिटिश निवाडा जाहीर झाला आणि त्याविरोधात गांधीजींनी येरवडा तुरुंगात २० सप्टेंबरपासून प्राणांतिक उपोषण जाहीर केले. १९ सप्टेंबरला मुंबईत हिंदू नेत्यांची परिषद भरली. तिच्यामागे मदनमोहन मालवीय होते. साऱ्या देशाचा रोष ज्या एका माणसावर होता, तो आंबेडकर या परिषदेत गेला. ते घरी थांबू शकले असते. निवाडा त्यांच्या बाजूचा होता आणि न बोलणे हीदेखील एक बाजू होती. पण गांधीजींचे काही बरेवाईट झाले असते तर खेड्यापाड्यांतील दलितांवर काय ओढवले असते, हे त्यांना दिसत होते. परिषदेत त्यांनी आपल्या लोकांचे हक्क सोडण्यास स्पष्ट नकार दिला, पण तोडग्याची दारे बंद केली नाहीत.

२४ सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, प्रांतिक विधिमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. दुसऱ्या दिवशी मुंबईतील परिषदेत त्यांच्या भाषणाचे टाळ्यांनी स्वागत झाले. ज्यांनी आठवडाभरापूर्वी त्यांना खलनायक ठरवले होते, तेच टाळ्या वाजवत होते. या टाळ्यांवर आंबेडकरांनी फार विश्वास ठेवला नाही, असे पुढच्या काळावरून दिसते. या कराराने आपल्या लोकांचे नुकसान झाले, अशी त्यांची नंतरची ठाम भूमिका होती. विरोधकांच्या सभेत मिळालेला जयजयकार अनेकदा वक्त्याने काय सोडले, याचा असतो.

लाहोरला भाषण का झाले नाही?

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला. त्याच सुमारास लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद देऊ केले. मंडळ सुधारकांचे होते, जात मोडली पाहिजे असे मानणाऱ्यांचे. म्हणजे श्रोते शत्रू नव्हते, अर्ध्या वाटेपर्यंतचे सोबती होते. अशा श्रोत्यांसमोर बोलणे अनेकदा जास्त अवघड जाते, कारण पूर्ण विरोधकाकडून कोणी सहमतीची अपेक्षा धरत नाही.

भाषणाचा मसुदा आधी छापून संयोजकांपर्यंत पोहोचला. धर्मग्रंथांच्या प्रामाण्यावर त्यात थेट हल्ला होता. काही भाग वगळावा, अशी विनंती झाली. आंबेडकरांनी नकार दिला. परिषदेच्या अध्यक्षाला बोलावयाचे आणि त्याने काय बोलावे हेही ठरवायचे, हे त्यांना मान्य नव्हते. परिषद रद्द झाली. त्यांनी मे १९३६ मध्ये ते भाषण स्वखर्चाने पुस्तिका म्हणून प्रसिद्ध केले. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर टीका केली. पुढच्या आवृत्तीत आंबेडकरांनी ती टीका आणि तिला दिलेले उत्तर, दोन्ही छापले. जे भाषण सभागृहात काहीशे लोकांनी ऐकले असते, ते आज जगभर वाचले जाते.

इथे त्यांची अट स्पष्ट दिसते. मंच कोणाचाही चालेल, मजकूर माझाच राहील.

जानेवारी १९३८ : सोलापुरात नेमके काय घडले?

त्या काळचे सोलापूर डोळ्यांसमोर आणायला हवे. १९३०च्या मे महिन्यात या शहरात मार्शल लॉ लागला होता. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी झाली होती. त्या आठवणी ताज्या होत्या आणि काँग्रेसच्या झेंड्याभोवती मोठी भावना होती. जुलै १९३७ पासून मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. आंबेडकर १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून विधिमंडळात विरोधी बाकांवर होते.

१९३७च्या डिसेंबरअखेर ते पंढरपूरला सभा घेऊन सोलापुरात आले. याच दौऱ्यात मातंग समाजाच्या परिषदेतही त्यांचे भाषण झाले. महार आणि मातंग समाजांतील दुरावा तेव्हा उघड होता आणि आंबेडकर हे एकाच जातीचे नेते आहेत, असा प्रचारही होत असे. त्या प्रचाराला मुंबईत बसून पत्रकाने उत्तर देता आले असते. ते परिषदेला गेले.

पण या दौऱ्यातील सर्वांत लक्षणीय भाषण १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरातील ख्रिस्ती समाजासमोर झाले. अमेरिकन मराठी मिशनचे काम सोलापुरात एकोणिसाव्या शतकापासून होते. इथल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी अनेकांचे पूर्वज अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतूनच आलेले. येवल्याच्या घोषणेला सव्वादोन वर्षे झाली होती. आंबेडकर कोणता धर्म स्वीकारणार, याची देशभर चर्चा होती. मुसलमान, शीख, ख्रिस्ती, बौद्ध, सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे लागले होते. सोलापूरच्या त्या श्रोत्यांच्या मनात आशा असणे साहजिकच होते. ते विरोधक नव्हते, यजमान होते. नाराज होण्याची शक्यता मात्र भाषणातच दडलेली होती.

एखाद्या चतुर नेत्याने अशा वेळी काय केले असते? येशूची स्तुती करून, निर्णय विचाराधीन आहे एवढे सांगून, आभार मानून तो गाडीत बसला असता. मते राखली गेली असती, कोणी दुखावले गेले नसते. आंबेडकरांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांच्या व्यक्तिमत्त्वांचा आपल्यावर पडलेला प्रभाव सांगितला खरा. पण तिथे ते थांबले नाहीत. दक्षिण भारतातील चर्चमध्ये जातीनुसार वेगळे बसवले जाते, याकडे त्यांनी बोट दाखवले. अस्पृश्याला ख्रिस्ती केले की काम संपले, असे मिशनरी मानतात, त्याच्या नागरी आणि राजकीय हक्कांसाठी लढत नाहीत, असे त्यांनी बजावले. सुशिक्षित ख्रिस्ती लोक सरकारी व मिशनच्या नोकऱ्यांत स्थिरावले आणि गावातल्या आपल्याच गरीब बांधवांवरील अन्यायाबद्दल गप्प राहिले, हा आरोप त्यांनी समोर बसलेल्यांच्या तोंडावर केला. दलित मुलाला मिळणारी शिष्यवृत्ती तो ख्रिस्ती झाल्याबरोबर बंद होते, त्याविरुद्ध तुम्ही आवाज का उठवत नाही, असा सवालही होता. शेवटी त्यांनी संघटित व्हा आणि राजकारणात उतरा असे सांगितले, त्यासाठी मदतीचा हातही पुढे केला.

हे भाषण ५ फेब्रुवारी १९३८च्या ‘जनता’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. म्हणजे सोलापूरच्या सभागृहात ख्रिस्ती समाजाला जे सांगितले, तेच महिनाभरात आपल्या अनुयायांच्या हाती दिले. मंचावर एक आणि घरच्या मंडळींत दुसरे, असे झाले नाही. आज मोबाइलमुळे एका गावातील भाषण दहा मिनिटांत दुसऱ्या गावात पोहोचते आणि नेते अडचणीत येतात, कारण दोन्ही गावांत त्यांनी वेगवेगळे बोललेले असते. साप्ताहिकाच्या काळात ही लबाडी सहज खपली असती.

तुलनेसाठी एक परदेशी प्रसंग पाहता येईल. १२ सप्टेंबर १९६० रोजी जॉन केनेडी अमेरिकेत ह्यूस्टनच्या प्रोटेस्टंट धर्मगुरूंसमोर गेले. कॅथलिक माणूस अध्यक्ष झाला तर तो पोपच्या तंत्राने चालेल, ही शंका फेडण्यासाठी. तो धाडसाचा प्रसंग म्हणून नेहमी सांगितला जातो आणि तो होताही. पण केनेडी श्रोत्यांची भीती घालवायला गेले होते. सोलापुरात आंबेडकर श्रोत्यांची स्वस्थता घालवायला उभे राहिले. माझ्या मते दुसरे काम अधिक कठीण, कारण त्यातून तात्काळ हाती काहीच लागत नाही.

नगरपालिकेच्या मानपत्राला काय उत्तर दिले?

याच दौऱ्यात सोलापूर नगरपालिकेने त्यांना मानपत्र दिले. मानपत्राचे भाषण म्हणजे औपचारिक गोडवा, हा आपल्याकडचा शिरस्ता. आंबेडकरांनी सोलापुरात दलितांसाठी आधीपासून काम करणारे डॉ. मुळे यांचा आदराने उल्लेख केला, आभारही मानले. मग विषय संसदीय लोकशाहीवर आणला. साऱ्या देशाने एकाच पक्षामागे डोळे मिटून जावे, या वृत्तीने ही व्यवस्था धोक्यात येते, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. काँग्रेसच्या लोकप्रियतेच्या ऐन भरात, हुतात्म्यांच्या शहरात हे बोलणे सोपे नव्हते.

सोलापूरहून परतल्यावर आठवडाभराच्या आत, १० जानेवारी १९३८ रोजी, कोकणातील खोती पद्धतीविरोधात हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा घेऊन ते मुंबईच्या विधिमंडळावर गेले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरच्या औद्योगिक कलह विधेयकाविरोधी संपात त्यांनी कम्युनिस्टांबरोबर काम केले. ज्यांच्याशी तात्त्विक भांडण कधी मिटले नाही, त्यांच्याबरोबर एका मंचावर उभे राहण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. भांडण मात्र त्यांनी लपवलेही नाही.

१७ डिसेंबर १९४६ : सभागृहाचा सूर कसा बदलला?

घटना समितीवर निवडून जाण्यासाठी आंबेडकरांना मुंबईतून मार्ग नव्हता. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने ते बंगालमधून निवडून आले. ९ डिसेंबर १९४६ रोजी समिती भरली, तेव्हा मुस्लिम लीगचे सदस्य गैरहजर होते. १३ डिसेंबरला पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. १६ तारखेला बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी दुरुस्ती सुचवली. लीगचे आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत ठराव पुढे ढकलावा, असे तिचे म्हणणे होते. सभागृह चिडले. जयकरांवर टीका झाली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांनी अचानक आंबेडकरांचे नाव पुकारले. यादीत त्यांच्या आधी वीसेक नावे होती, तयारी झालेली नव्हती. समोर बहुसंख्य काँग्रेसजन होते. गेली दोन दशके ज्यांच्याविरुद्ध ते बोलत आणि लिहीत आले, तेच लोक. आता हा माणूस लीगची री ओढणार, असे अनेकांना वाटले असावे.

आंबेडकरांनी जयकरांचीच बाजू घेतली. पण ती घेण्याची रीत पाहण्यासारखी आहे. आधी त्यांनी ठरावातील उणिवा सांगितल्या. हक्क जाहीर केले आहेत, पण ते मोडले तर उपाय काय, ते नाही. समाजवादी अर्थव्यवस्थेचा स्पष्ट उल्लेख नाही. नंतर त्यांनी श्रोत्यांच्या मनातील भीतीला हात घातला. देश आज राजकीयदृष्ट्या, सामाजिकदृष्ट्या विभागलेला आहे, आपणही त्यातील एका छावणीचे नेते आहोत, हे त्यांनी स्वतःच मान्य केले. तरीही हा देश एक होईल, जगातील कोणतीही शक्ती ते थांबवू शकणार नाही, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला. बलवान केंद्र सरकार हवे, हेही ठासून सांगितले. मग ठराव पुढे नेण्याचा समितीला अधिकार आहे की नाही हा मुद्दा बाजूला ठेवून, तसे करणे शहाणपणाचे आहे का, एवढेच विचारले. बळाने मिळवलेला विजय टिकत नाही, हे इतिहासाचे दाखले देऊन मांडले.

भाषण संपले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. ठराव त्या अधिवेशनात मंजूर झाला नाही, तो २२ जानेवारी १९४७ रोजी झाला. श्रोत्यांना हवे तेच बोलून त्यांनी टाळ्या मिळवल्या, असे कोणी म्हणू शकेल का? अखंड देशाचे बोलणे काँग्रेसजनांना नक्कीच सुखावणारे होते. पण त्यांची मागणी श्रोत्यांच्या मनाविरुद्धच होती आणि ती त्यांनी मवाळ केली नाही.

पुढचा योगायोग एखाद्या कादंबरीत पटला नसता. फाळणीच्या निर्णयाने आंबेडकरांची बंगालमधील जागा गेली. जयकरांनी समितीचा राजीनामा दिला होता, ती मुंबईतील जागा रिकामी होती. राजेंद्र प्रसाद यांनी ३० जून १९४७ रोजी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून त्या जागेवर आंबेडकरांना निवडून पाठवण्यास सांगितले. हेच ते खेर, ज्यांच्या मंत्रिमंडळासमोर १९३८ मध्ये आंबेडकर विरोधी बाकांवर होते. जुलैमध्ये ते निवडून आले, ऑगस्टमध्ये देशाचे कायदामंत्री आणि मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. हे सारे एका भाषणाने घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मसुदा करू शकेल असा कायदेपंडित काँग्रेसला हवा होता आणि राजकीय गणितेही होती. पण आपल्यासमोर येऊन आपल्याला न पटणारे बोलणाऱ्या माणसाबरोबर काम करता येईल, असे त्या सभागृहाला वाटायला लागले होते, एवढे नक्की.

१९५१ मध्ये सभागृह सोडून का गेले?

हिंदू कोड बिलावर आंबेडकरांनी चार वर्षे संसदेत आणि बाहेर विरोधकांना तोंड दिले. वारसा, घटस्फोट, दत्तक या प्रश्नांवर सनातनी मंडळींशी चर्चाही केल्या. विरोध सत्ताधारी पक्षातही होता. विधेयक रखडले. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ११ ऑक्टोबर रोजी संसदेत निवेदन करायचे होते. निवेदनाची प्रत आधी पाहू द्यावी, अशी अपेक्षा उपसभापतींनी ठेवली, वेळही पुढे ढकलली. आंबेडकर सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिले.

लाहोरनंतर पंधरा वर्षांनी तेच घडले. ज्या सभागृहात त्यांनी विरोधकांचे तासन्‌तास ऐकून घेतले, तिथून ते विरोधामुळे उठले नाहीत. शब्द आधी तपासून घेण्याची वेळ आली तेव्हा उठले.

विरोधकांशी बोलून मते मिळाली का?

स्वतः त्यांना मिळाली नाहीत, असेच उत्तर द्यावे लागेल. १९५२च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबई मतदारसंघात काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांनी त्यांचा पराभव केला. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते हरले. राज्यसभेच्या मार्गाने संसदेत राहावे लागले. चांगले भाषण आणि मतपेटी यांचे नाते किती सैल असते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण शोधावे लागेल.

पण १९५२च्या निकालात एक सोलापूरची नोंद आहे. त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला देशभरात लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, करीमनगर आणि सोलापूर. सोलापूरच्या राखीव जागेवर निवडून आले पां. ना. राजभोज. तिशीच्या दशकात राजभोज हे आंबेडकरांच्या विरोधी गटात होते. १९४२ मध्ये ते फेडरेशनचे सरचिटणीस झाले होते. बाबासाहेब स्वतः मुंबईत पडले आणि त्यांच्या पक्षाला सोलापूरने खासदार दिला तो एकेकाळचा विरोधक.

शेवटचे श्रोते कोण होते?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १९३८ मध्ये सोलापूरच्या ख्रिस्ती समाजापुढे न दिलेले उत्तर असे अठरा वर्षांनी आले. तोवर मधुमेहाने शरीर पोखरले होते, पाय साथ देत नव्हते. नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतताना ते काशीला थांबले. तिथे काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसमोर त्यांचे भाषण ठरले होते. हे विद्यापीठ मालवीयांनी उभारलेले, तेच मालवीय ज्यांच्या पुढाकाराने १९३२ची हिंदू नेत्यांची परिषद भरली होती. हिंदू धर्म सोडून सहा आठवडेही झाले नव्हते. तिथे जाऊन प्रकृतीच्या कारणाने दोन शब्द बोलून उतरणे कोणालाही समजण्यासारखे होते. आंबेडकरांनी विषय घेतला तो शंकराचार्य आणि बुद्ध यांच्या तत्त्वज्ञानाचा.

दिल्लीला परतल्यावर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे काम चालू होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी सकाळी ते मृतावस्थेत आढळले.